चार मिलीमीटर

डबा उघडला तेव्हा वाटलं, माल टाकायलाच विसरले.
प्राजूनं मागवलेले बूट,
गुंडाळले तर मुठीत मावणारे.
तळ मी अंगठा-तर्जनीत धरला.
चार. चारच मिलीमीटर.
मला मोजपट्टी लागत नाही,
उद्यमबागेत सत्तावीस वर्षं साचे भरलेत,
भिंतीची जाडी बोटाला कळते.

सत्तावीस वर्षं पाय मात्र लोखंडात.
बुटाच्या नाकात पोलादी वाटी,
खाली इंचभर रबर,
त्याखाली जळकी काळी वाळू.
ते बरोबरच होतं.
एकदा लाडल कलंडली,
तवनाप्पाच्या बुटावर थेंब पडले, तडतडले, विझले.
तो अजून दोन्ही पायांनी बसची पायरी चढतो.
तेव्हा जाड तळाला मी शिव्या देणार नाही.

पण बोटं!
काम सुटलं त्या रात्री दिव्याखाली नीट पाहिली.
दोघांच्या बाकड्यावर पाच जण बसावेत तशी
एकमेकांवर रेललेली,
आणि करंगळी तर खालीच सरकलेली,
तिला कुणी बस म्हटलंच नव्हतं.

पहिल्या रविवारी येळ्ळूरच्या पुढं, गडाच्या पायवाटेला
मी पळालो तो जुन्याच पायांनी.
टाच आधी आपटली,
कळ गुडघा ओलांडून दाढेपर्यंत.
दुसऱ्या वळणावर बसलो. तिसऱ्यावर चालत गेलो.
सोमवारी जिना उलटा उतरलो, कठडा धरून.
पोटऱ्या म्हणजे ओतून गार झालेले दोन ठोकळे.
प्राजू म्हणाली, "बाबा, हळूहळू. दहा मिनिटंच."
फाउंड्रीत नव्या पोराला मी हेच सांगायचो:
घाई केलीस तर आत पोकळी राहते.

मग महिनाभर दहा मिनिटं.
पाऊल आखूड झालं, आवाज गेला.
डोळ्यांनी जी वाट एकच दिसायची
ती पायाला तुकड्यातुकड्यांनी कळायला लागली:
इथं जांभ्याची खरखर,
इथं बैलांनी दाबून गुळगुळीत केलेली माती,
इथं सावली होती आत्तापर्यंत, अजून गार आहे,
आणि हे मूळ, गेल्या खेपेला ठेचकाळलो ते.
सगळंच काही छान नव्हे.
बाभळीचा एक काटा चार मिलीमीटर सहज पार करून आला
आणि विचारून गेला, कसं वाटतंय?

गुरुसिद्धप्पाची शेरडं तिथंच चरतात.
"काय हुडकूलालैस रे, मान खाली घालून?"
बूट दाखवले. त्यानं वाकवले, मुरगाळले,
नाकाशी नेऊन वास घेतला.
किंमत ऐकून काठीवर हनुवटी टेकून हसला.
"रोक्क* नव्हं, नोटा देऊन बरिगाल!"
त्याच्या भाषेत बरी म्हणजे नुसती, रिकामी.
माझ्या भाषेत बरी म्हणजे बरी.
खाली रस्त्यावरच्या पाटीला डांबर फासायला
दोन्हीकडची पोरं येतात आळीपाळीनं.
इथं वर मी ज्याला खडा म्हणतो
त्याला तो कल्लु म्हणतो,
आणि टोचतो तेवढाच.

तो पुढं, मी मागं, असे चढलो.
त्याचा तळवा मला मागून दिसत होता,
भेगाळलेला, करड्या रंगाचा,
बोटं पंख्यासारखी फाकलेली,
करंगळी तर ऐटीत एकटी.
कुठल्या कारखान्यात हा तळ करत नाहीत.
आणि त्यालाही फार कौतुक नव्हतं त्याचं;
"थंडीत फुटतंय," एवढंच म्हणाला,
"मुलगा सँडल देतो म्हणतोय. बघू."

गडावर सिद्धेश्वराच्या दारात
मी खाली बसून बंद सोडायला घेतले.
घामानं गाठ आवळलेली,
नखं बोथट, चष्मा घरी.
एक सुटला. फरशीवर पाय ठेवला.
करंगळी टेकली. पहिल्यांदाच, आपली आपण.
दुसऱ्या गाठीशी झटत होतो तोवर
गुरुसिद्धप्पा आत जाऊन,
घंटा वाजवून,
कपाळाला भस्म लावून बाहेरही आला होता.

*रोक्क: पैसे, सुटी नाणी